ग्वाटेमाला: चिकूच्या माहेरी नऊ दिवस

पहिला दिवस, गुरुवार: ग्वाटेमाला सिटी ते अँटिग्वा

घोलवडला आमची चिकूची वाडी आहे. या फळाचे मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील जंगलांत आहे, हे मी शाळेत असतानाच वाचले होते. ती जंगले एकदा पाहून यावीत, असे मात्र साठी उलटल्यावर वाटू लागले. माझी मुलगी पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि ती भाषा तिने अँटिग्वा येथील एका शाळेत तीन महिने राहून पक्की केलेली आहे, त्यामुळे दुभाष्याची सोय घरातच झाली. मुंबईहून थेट विमान नसल्याने दोनदा विमान बदलून, झोपेचे सगळे हिशेब चुकलेल्या अवस्थेत आम्ही दोघी फेब्रुवारीच्या अखेरीस ग्वाटेमाला सिटीला उतरलो.

मेक्सिकोच्या दक्षिणेला असलेल्या या देशाचे क्षेत्रफळ सुमारे १,०९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडेसे अधिक आहे. लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास असून मध्य अमेरिकेतील सात देशांत ती सर्वांत मोठी आहे. दक्षिणेला प्रशांत महासागराचा लांब किनारा आणि पूर्वेला कॅरिबियन समुद्राचा एक लहानसा तुकडा त्याच्या वाट्याला आला आहे. चलनाचे नाव केत्साल, आणि ते नोटेवर उडणाऱ्या हिरव्या, लांब शेपटीच्या पक्ष्यावरून पडलेले आहे. राजधानीत आम्ही थांबलोच नाही. संध्याकाळी अँटिग्वात पोहोचलो तेव्हा दगडी फरसबंदीच्या रस्त्यावरून खडखडत जी रिक्षा आम्हाला घ्यायला आली, तिच्या पुढच्या बाजूला पुण्याच्या बजाजचे नाव होते. या देशातील लहान गावांतला निम्मा प्रवास याच तीनचाकीवर चालतो, असे पुढील आठ दिवसांत दिसून आले.

दुसरा दिवस, शुक्रवार: अँटिग्वा

अँटिग्वा म्हणजे 'जुनी'. १५४३ मध्ये वसवलेले हे शहर दोनशेहून अधिक वर्षे स्पॅनिश सत्तेची येथील राजधानी होते आणि आजच्या मेक्सिकोतील चियापासपासून कोस्टा रिकापर्यंतचा सारा मुलूख येथून हाकला जात असे. २९ जुलै १७७३ रोजी झालेल्या भूकंपाने शहर मोडले, १७७६ मध्ये राजधानी आजच्या जागी हलवण्याचा हुकूम निघाला, आणि मागे राहिले ते हे जुने शहर. भूकंपांचा धसका इमारतींच्या अंगावर दिसतो. भिंती अवाढव्य जाड, चर्चचे मनोरे बुटके, खांब पोट सुटल्यासारखे. कित्येक चर्च तर छप्पर कोसळलेल्या स्थितीत तशीच राखून ठेवली आहेत, आणि मला ती नव्याने रंगवलेल्या चर्चपेक्षा अधिक आवडली. सांता कातालिनाची प्रसिद्ध पिवळी कमान ही मुळात रस्ता ओलांडण्याची बंदिस्त वाट होती. व्रतस्थ जोगिणी बाहेरच्या नजरेस न पडता तिच्यातून एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जात असत.

ईस्टरपूर्वीच्या उपासाचे दिवस सुरू झाले होते. एका चर्चमध्ये वेदीसमोर रंगवलेल्या लाकडी भुशाचा भला मोठा गालिचा घातला होता. साचे ठेवून, त्यांतून चाळणीने रंग सोडून पाने-फुले उमटवण्याची ती पद्धत पाहून मला आमच्याकडच्या गालिचा रांगोळीची आठवण झाली. पवित्र सप्ताहात असेच गालिचे रस्तोरस्ती घालतात आणि मिरवणूक त्यांवरूनच चालत जाते, म्हणजे रात्रभर खपून काढलेले काम काही मिनिटांत पायदळी जाते. आणि त्याचे कोणालाच वाईट वाटत नाही.

दुपारी मुलीच्या जुन्या घरमालकीणबाईंनी जेवायला बोलावले. त्यांच्या स्वयंपाकघरात मी जे पाहिले, त्यासाठी हा दिवस मला अधिक लक्षात राहिला. मक्याचे दाणे आदल्या रात्री चुन्याच्या पाण्यात उकडून तसेच भिजत ठेवतात. सकाळी ते चोळून धुतले की टरफले सुटतात, मग ते ओलेच वाटून घेतात. पूर्वी हे काम दगडी पाट्यावर होई. तीन पायांचा उतरता पाटा आणि दोन्ही हातांनी ओढायचा वरवंटा अजूनही त्यांच्या घराच्या कोपऱ्यात होता, मात्र आता गिरणी आली आहे. त्या पिठाचा गोळा दोन्ही तळहातांवर थापत थापत त्याची तोर्तिया करतात आणि 'कोमाल' नावाच्या मातीच्या तव्यावर भाजतात. तव्याला पीठ चिकटू नये म्हणून त्यावरही चुन्याचा हात फिरवलेला असतो. बाहेर बसून नुसता आवाज ऐकला असता तर भाकरीच थापली जात आहे, असे मी शपथेवर सांगितले असते.

चुन्याचा हा उपयोग केवळ टरफले काढण्यापुरता नाही. मक्यात जे ब-३ जीवनसत्त्व असते ते चुन्याच्या प्रक्रियेशिवाय शरीराला फारसे मिळत नाही. कोलंबसानंतर मका युरोपात गेला, चुन्याची रीत मात्र येथेच राहिली. परिणामी मक्यावरच जगणाऱ्या इटली-स्पेनमधील गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला आणि त्याचे कारण उलगडण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

तिसरा दिवस, शनिवार: आतित्लान सरोवर

सकाळी निघून अडीच-तीन तासांत पानाहाचेलला आलो. सुमारे पाऊण लाख वर्षांपूर्वी एका प्रचंड उद्रेकानंतर ज्वालामुखीचा माथा आत खचला आणि त्या कढईत पाणी साठून हे सरोवर झाले. त्याची खोली ३०० मीटरांहून अधिक आहे. काठावर सान पेद्रो, तोलिमान आणि आतित्लान असे तीन ज्वालामुखी नंतर उगवले आहेत. सरोवरातून एकही नदी उघडपणे बाहेर पडत नाही, त्यामुळे पाण्याची पातळी वर्षानुवर्षे चढते आणि उतरते; काठावरची काही घरे अर्धी पाण्यात उभी असलेली आम्ही पाहिली. दुपारनंतर 'शोकोमिल' नावाचे वारे सुटते आणि लाटा उसळू लागतात, म्हणून नावाडी सकाळीच निघण्याचा आग्रह धरतात. आमचा आग्रह चहाचा होता, त्यामुळे परतताना आम्ही नखशिखान्त भिजलो.

पलीकडच्या काठावरील सान्तियागो आतित्लान हे माया, म्हणजे स्पॅनिश येण्यापूर्वीपासून येथे राहणाऱ्या लोकांपैकी त्झुतुहिल समाजाचे गाव आहे. तेथे माशिमोन नावाच्या देवाचे दर्शन घेतले. लाकडी मूर्ती, डोक्यावर टोपी, गळ्यात रंगीत रुमालांचे थर, तोंडात पेटती सिगार आणि समोर दारूची बाटली. हा देव चर्चमध्ये राहत नाही. गावातील एका मंडळाच्या सभासदांच्या घरी दरवर्षी पाळीपाळीने त्याचा मुक्काम असतो. पाद्र्यांना तो कधी पटला नाही, आणि लोकांनी त्याला कधी सोडला नाही. मुलीला हा प्रकार विचित्र वाटला. म्हसोबाला काय काय चढते हे मला ठाऊक असल्याने मी मुकाट्याने एक मेणबत्ती लावली.

याच गावात २ डिसेंबर १९९० च्या पहाटे लष्करी तळावर निषेध करण्यास गेलेल्या निःशस्त्र गावकऱ्यांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. १३ जण ठार झाले. त्यानंतर गावाने सह्या आणि अंगठे गोळा करून असा दबाव आणला की सरकारला तेथील तळ उठवावा लागला. जेथे माणसे पडली त्या जागी आता स्मृतीउद्यान आहे.

चौथा दिवस, रविवार: चिचिकास्तेनांगो

गुरुवारी आणि रविवारी येथे मोठा बाजार भरतो. भाजीपाला, कोंबड्या, चुन्याचे खडे, मेणबत्त्या, लाकडी मुखवटे आणि विणलेली कापडे यांनी चौक असा भरून जातो की दोघींनी हात धरून चालावे. बायकांच्या अंगातील चोळीवजा पोलक्याला 'वीपील' म्हणतात. मागाचे एक टोक खांबाला आणि दुसरे पट्ट्याने स्वतःच्या कमरेला बांधून, अंगाच्या ताणावर ते विणले जाते. प्रत्येक गावाची नक्षी निराळी असल्याने जाणकार माणूस वीपील पाहून गाव ओळखतो. पर्यटकांसाठी यंत्रावर छापलेली नक्कलही शेजारच्याच दुकानात टांगलेली होती. भाव विचारल्यावर दोहोंतील फरक तत्काळ समजतो.

चौकाच्या एका अंगाला सांतो तोमासचे पांढरे चर्च आहे. ते सोळाव्या शतकात जुन्या माया देवळाच्या चौथऱ्यावर बांधले गेले आणि त्या देवळाच्या पायऱ्या तशाच राहिल्या. त्या अठरा आहेत, आणि माया वर्षाच्या अठरा महिन्यांचे त्या प्रतीक मानल्या जातात. वीस दिवसांचा महिना, असे अठरा महिने आणि वर पाच अशुभ दिवस, मिळून ३६५ होतात. याखेरीज २६० दिवसांचे दुसरे पंचांग आहे. मुहूर्त पाहणारे 'आख किख' आजही त्याच पंचांगावरून दिवस सांगतात. पायऱ्यांवर कोपाल नावाचा डिंक जाळून धूप करत ते बसलेले होते आणि आत चर्चची प्रार्थना चालू होती. दोन धर्म एकाच जिन्यावर कसे नांदतात हे पाहायचे असेल, तर कोणताही ग्रंथ वाचण्यापेक्षा येथे तासभर उभे राहावे.

ग्रंथाचा उल्लेख निघालाच आहे, तर 'पोपोल वुह' याच गावाशी जोडलेला आहे. किचे माया लोकांच्या या पुराणाची प्रत अठराव्या शतकाच्या आरंभी येथील पाद्री फ्रान्सिस्को हिमेनेस यांच्या हाती आली. त्यांनी ती उतरवून घेऊन शेजारी स्पॅनिश भाषांतर लिहिले. मूळ हस्तलिखित नाहीसे झाले आणि हिमेनेस यांची प्रत आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. त्यातील कथेप्रमाणे देवांनी माणूस आधी मातीचा केला, तो विरघळला. मग लाकडाचा केला, त्याला हृदय नव्हते. शेवटी पिवळ्या आणि पांढऱ्या मक्याच्या पिठाचा केला, तो टिकला. शुक्रवारच्या तोर्तियेनंतर ही गोष्ट मला फारशी अद्भुत वाटली नाही.

पाचवा दिवस, सोमवार: उस्पान्तानमार्गे कोबान

हा संपूर्ण दिवस रस्त्यात गेला. नकाशावर अंतर किरकोळ दिसते. परंतु डोंगरांच्या घड्या, दरडी कोसळून उखडलेले पट्टे आणि एका अरुंद वळणावर समोरासमोर आलेल्या दोन मालमोटारींनी केलेला दीड तासांचा खोळंबा, यांमुळे अंधार पडेपर्यंत आम्ही गाडीतच होतो.

किचे जिल्ह्याचा हा भाग यादवी युद्धात सर्वाधिक होरपळला. त्या युद्धाची मुळे जमिनीत आहेत. १८७१ नंतरच्या राजवटींनी कॉफीच्या मळ्यांसाठी माया गावांच्या सामायिक जमिनी मोकळ्या करून दिल्या आणि त्याच लोकांना सक्तीने मळ्यांवर राबवले. १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांनी पडीक ठेवलेल्या मोठ्या जमिनी भरपाई देऊन भूमिहीनांना वाटण्याचा कायदा केला. त्याची झळ युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीला बसली, आणि जून १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने रचलेल्या उठावात आर्बेन्स पदच्युत झाले. १९६० ते १९९६ असे छत्तीस वर्षे युद्ध चालले. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये मृत आणि बेपत्ता मिळून दोन लाखांहून अधिक बळी गेल्याचा अंदाज दिला. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते आणि ९३ टक्के अत्याचारांची जबाबदारी आयोगाने सरकारी फौजा व त्यांच्या हस्तकांवर ठेवली. १९९२ चे शांततेचे नोबेल मिळवणाऱ्या रिगोबेर्ता मेंचू याच उस्पान्तानच्या परिसरातील. चालक या विषयावर काहीच बोलला नाही. उस्पान्तान मागे पडल्यावर त्याने फक्त एक टेकडी दाखवली आणि तेथे त्याच्या आईचे गाव होते, एवढे सांगितले. 'होते' हे क्रियापद मुलीने भाषांतर करताना दोनदा उच्चारले.

सहावा दिवस, मंगळवार: कोबान आणि वेलदोडे

कोबानच्या झिमझिम पावसाला तेथील लोक 'चिपीचिपी' म्हणतात, आणि तो शब्द ऐकून मी हसले, कारण सकाळपासून कपड्यांची जी अवस्था झाली होती तिला मराठीत दुसरा शब्दच नव्हता. याच दमट, ढगाळ हवेमुळे येथे वेलदोडा रुजला. ऑस्कर मायुस क्लोफर नावाच्या जर्मन मळेवाल्याने १९१४ च्या सुमारास भारतातून वेलदोड्याचे रोप येथे आणले, असा इतिहास सांगतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या दबावाखाली जर्मनांचे मळे सरकारने ताब्यात घेतले, अनेक जर्मनांना देशाबाहेर धाडले. वेलदोडा मात्र राहिला आणि हळूहळू केक्ची माया शेतकऱ्यांच्या लहान तुकड्यांवर पसरला. आज जगात सर्वाधिक वेलदोडा निर्यात करणारा देश ग्वाटेमाला आहे. ज्या केरळच्या डोंगरांना आपण वेलदोड्याचे घर समजतो, तेथील व्यापाऱ्यांनाही ग्वाटेमालाच्या पिकाकडे लक्ष ठेवून भाव ठरवावा लागतो.

शहराबाहेरील एका शेतकऱ्याच्या वाडीत आम्ही दोन तास हिंडलो. झुडपे डोक्यावरून गेलेली, हळदीसारख्या पानांची. पण फळे वर नसून बुंध्याशी, जमिनीलगत निघणाऱ्या दांड्यांवर लागतात, म्हणून वेचणारा दिवसभर चिखलात वाकलेला असतो. एका झुडपावरील सर्व बोंडे एकदम तयार होत नसल्याने त्याच ओळीत पुन्हा पुन्हा फिरावे लागते. ओली बोंडे त्याच दिवशी विकावी लागतात, कारण लाकूड जाळून चालणारी वाळवणीची भट्टी प्रत्येकाकडे नसते; आणि येथेच दलाल शिरतो, ज्याला हे लोक 'कोयोते' म्हणजे कोल्ह्याचा भाऊबंद म्हणतात. भाव दलाल सांगेल तो. चिकूच्या पाट्या घेऊन व्यापाऱ्याच्या दारात उभे राहिल्याचा चाळीस वर्षांचा अनुभव असल्यामुळे हा भाग मला दुभाष्याविना समजला.

नवल पुढेच होते. हा माल बहुतांशी अरब देशांत त्यांच्या कॉफीसाठी जातो आणि पिकवणाऱ्याच्या घरी तो स्वयंपाकात वापरतच नाहीत. 'तुम्ही याचे करता तरी काय?' असे शेतकऱ्याच्या पत्नीने विचारले. मी त्यांच्या चुलीवर दूध-साखर घालून चहा केला आणि चार वेलदोडे त्यांच्याच पाट्यावर ठेचून टाकले. सगळ्यांनी सौजन्याने एकेक घोट घेतला. धाकट्या मुलाने पेला रिकामा केला, आजीबाईंनी तो हळूच बाजूला सरकवला.

सातवा दिवस, बुधवार: फ्लोरेस

उत्तरेकडे उतरत गेल्यावर पाऊस थांबला आणि उकाडा सुरू झाला. पेतेन हा जिल्हा देशाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग व्यापतो. फ्लोरेस हे सरोवरातील चिमुकले बेट म्हणजे इत्झा माया लोकांची जुनी राजधानी नोखपेतेन. ती मार्च १६९७ मध्ये स्पॅनिशांच्या हाती पडली. मराठ्यांचे छत्रपती तेव्हा जिंजीच्या वेढ्यात होते, इतक्या उशिरापर्यंत येथे एक स्वतंत्र माया राज्य टिकून होते.

आठवा दिवस, गुरुवार: तिकाल

पहाटे जंगलात शिरताच ओरडणाऱ्या माकडांचा आवाज ऐकू आला, आणि प्रथम तो वाघाचाच वाटला. वाटेवर एक प्रचंड पांढरी सावर उभी होती. या देशाचा हा राष्ट्रवृक्ष. पाताळ, भूमी आणि आकाश यांना जोडणारे झाड म्हणून माया लोक त्याला पूज्य मानतात.

तिकालच्या मोठ्या चौकात पहिले आणि दुसरे मंदिर समोरासमोर उभी आहेत. पहिले मंदिर सुमारे ४७ मीटर उंच असून ते हासाव चान काविल या राजाची समाधी आहे. ५६२ मध्ये शत्रूंकडून झालेल्या पराभवाने शंभरांहून अधिक वर्षे दबून राहिलेल्या तिकालला त्याने ६९५ मध्ये कालाकमुल या प्रतिस्पर्धी माया शहरावर विजय मिळवून पुन्हा वर आणले. जवळ एकही नदी नसताना येथे हजारोंची वस्ती होती. चुन्याने गिलावा केलेले चौक मुद्दाम उतार देऊन बांधले होते आणि पावसाचे सगळे पाणी तलावांत उतरवले जाई. चौथे मंदिर सुमारे ६५ मीटर उंच आहे. लाकडी जिन्याने वर गेलो तेव्हा क्षितिजापर्यंत झाडांचे शेंडे आणि त्यांतून डोके काढलेली दोन-तीन शिखरे, एवढेच दिसत होते. शेवटचा तारीख कोरलेला शिलास्तंभ ८६९ मधील आहे. त्यानंतर दगडावर कोणी काही कोरले नाही.

आणि येथे मला माझे झाड भेटले. या मंदिरांच्या दारांवरील कोरीव तुळया चिकूच्या लाकडाच्या आहेत. बाराशे वर्षांचा पाऊस आणि वाळवी यांना पुरून उरलेल्या त्या तुळयांच्या कार्बन-मापनाने माया पंचांगाची आपल्या इसवी सनाशी सांगड घालण्यास संशोधकांना मदत केली. चौथ्या मंदिरातील उत्तम कोरीव फळ्या मात्र जागेवर नाहीत. १८७७ मध्ये त्या काढून नेल्या गेल्या आणि स्वित्झर्लंडमधील बासेलच्या संग्रहालयात आहेत. आमच्याकडे वाडीतले झाड पडले की लाकूड जड आहे, कुऱ्हाडीची धार जाते, अशी तक्रार आम्ही करतो.

नववा दिवस, शुक्रवार: वाशाक्तून

तिकालपासून उत्तरेला २३ किलोमीटरांवर, कच्च्या रस्त्याच्या शेवटी हे गाव आहे. गावाच्या मधोमध गवताळ पट्टी दिसते. ती जुनी धावपट्टी. चिकूचा चीक नेण्यासाठी येथे विमाने उतरत असत. चिकू हा शब्द मराठी 'चीक'वरून आला असावा, असे मी वर्षानुवर्षे समजत होते. तो योगायोग निघाला. झाडाला येथे 'चिकोसापोते' म्हणतात आणि त्याच्या चिकाला 'चिक्ले'. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या थॉमस अॅडम्स यांनी या चिकापासून चघळण्याचा गम तयार केला आणि त्यापुढील अनेक दशके पेतेनचे अर्थकारण याच चिकावर चालले. चीक काढणारे 'चिक्लेरो' महिनोन्महिने रानात राहत, आणि अनेक माया अवशेषांचा पत्ता संशोधकांना त्यांनीच दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम गम स्वस्त झाला आणि धंदा आटला. आता गावाकडे रानाचा काही भाग सामूहिक हक्काने आहे. 'शाते' नावाच्या ताडवर्गी झुडपाची शोभेची पाने, थोडा चीक आणि मोजून तोडलेले लाकूड यांवर गाव चालते.

एका वृद्ध चिक्लेरोने आम्हाला रानात नेले. झाडे आमच्या वाडीतल्यासारखी बुटकी, पसरट नव्हती. मान मोडेपर्यंत वर पाहावे तेव्हा शेंडा दिसे. खोडावर नागमोडी वारांचे काळे पडलेले वण वरपर्यंत गेले होते. कोयत्याने असे वार केले की चीक ओघळत खाली बांधलेल्या पिशवीत जमतो, मग तो कढईत आटवून त्याच्या विटा करतात. एकदा चीक काढल्यावर झाडाला कित्येक वर्षे विसावा द्यावा लागतो, घाई केली तर झाड मरते.

"आणि फळाचे काय करता?" मी विचारले.

"फळ माकडांचे," तो म्हणाला. "खाली पडले तर आम्ही खातो."

आमच्याकडे फळासाठी या झाडांच्या ओळीच्या ओळी लावतात, कालीपत्ती नावाची खास जात आहे, घोलवड-डहाणूच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि सालीला कोणी कोयता लावला तर भांडण पोलिसांपर्यंत जाईल, हे मुलीने त्याला समजावले. त्याला त्यातले भांडणच पटले. त्याने पालापाचोळ्यातून एक फळ उचलून मला दिले. ते आमच्या चिकूपेक्षा लहान होते, गर थोडा रवाळ, गोडी कमी, आणि शेवटी ओठांना तोच ओळखीचा चिकटपणा. आत तीन बिया होत्या, काळ्या, चकचकीत, टोकाशी आकडा असलेल्या. परदेशातून परवान्याशिवाय बी आणण्यास कायद्याने मनाई आहे हे मला माहीत होते, तरी त्या बराच वेळ मी मुठीत धरून चालले.

"आई, विमानतळावर पिशवी तपासतात," मुलगी म्हणाली.

मी त्या तिथेच, त्या झाडापासून थोड्या अंतरावर, ऊन पडले होते अशा जागी टाकल्या.